उद्यानातील कारंज्याच्या वाटेवरचे दोन जुने कडुनिंब तोडावेत का?

पाणवठा_दारव्हा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावाने तलावाकाठच्या नऊ एकर ई-क्लास (सरकारी गायरान) जमिनीवर मुलांसाठी एक उद्यान उभारले आहे. पाळणे, छोटी आगगाडी, सिमेंटचे वाघ-हत्ती आणि संध्याकाळी सात वाजता तलावाच्या कडेला होणारा रंगीत कारंज्यांचा खेळ, असे त्याचे स्वरूप आहे. एरवी तेथे फारशी वर्दळ नसते. परंतु दिवाळीच्या सुट्टीत आणि महाशिवरात्रीच्या यात्रेत आसपासच्या गावांतील माणसे मोठ्या संख्येने येतात.

प्रवेशद्वारातून आत आल्यावर वाट दोन जुन्या कडुनिंबांच्या मधून जाते आणि तेथे तिची रुंदी जेमतेम बारा फूट आहे. खेळ सुरू झाला की लोक नेमके त्या जागी थबकतात, फांद्यांखालून वाकून पाहू लागतात आणि मागून येणारे त्यांच्यावर रेटले जातात. गेल्या यात्रेत या रेट्यात एक आजी पडल्या व त्यांच्या मनगटाचे हाड मोडले. तेव्हापासून दोन्ही झाडे तोडावीत असे समितीतील बहुतेकांचे मत झाले आहे. माझे मन मात्र त्याला तयार होत नाही, कारण उन्हाळ्यात त्या नऊ एकरांत बसण्याजोगी सावली तेवढीच आहे. दृष्टीची आड दूर व्हावी आणि झाडेही राहावीत, असा काही मार्ग आहे का? पुढील बैठक पंधरा दिवसांनी आहे.

उद्यानरचना_अमरावती

भाऊ, झाडे तोडू नका. आपल्या वर्णनावरून मला तेथे दोन वेगळ्या अडचणी दिसतात आणि समिती त्या दोन्हींचे खापर झाडांवर फोडत आहे.

पहिली अडचण दिसण्याची. उभ्या माणसाची नजर जमिनीपासून साधारण पाच फुटांवर असते. समजा, कारंज्याची सर्वांत उंच धार वीस फुटांपर्यंत जाते, सर्वांत मागचा प्रेक्षक कारंज्यापासून दोनशे फुटांवर उभा आहे आणि कडुनिंब त्याच्यापुढे साठ फुटांवर आहे. त्याच्या डोळ्यापासून धारेच्या टोकापर्यंत सरळ रेषा काढली, तर झाडाजवळ ती साडेनऊ फुटांवरून जाते. म्हणजेच त्या झाडाच्या फांद्या दहा फुटांच्या वर असतील, तर त्या कोणाच्याही आड येणार नाहीत. जो झाडाच्या अधिक जवळ उभा आहे, त्याला याहून कमी उंचीही पुरते. आपली मापे वेगळी असतील, पण रीत हीच. चाळीस फुटी कडुनिंबाचा तळाकडचा एक तृतीयांश भाग मोकळा ठेवला तरी झाड सुदृढ राहते. उरतो तो बुंधा, आणि बुंध्याची आड माणूस एक पाऊल बाजूला सरकून सहज टाळतो. नजरेला खरा अडसर असतो तो चार ते आठ फुटांच्या पट्ट्यातील पाल्याचा, म्हणजे लोंबत्या फांद्या, वाढलेले कुंपण आणि खालपासून दाट असलेल्या खोट्या अशोकाच्या रांगा.

दुसरी अडचण थांबण्याची आहे आणि ती मला अधिक गंभीर वाटते. माणूस थांबतो तो जेथे त्याला हवे ते प्रथम दिसते तेथे, किंवा जेथे सावली मिळते तेथे. आपल्या उद्यानात या दोन्ही गोष्टी सर्वांत अरुंद जागी एकत्र आल्या आहेत. पुढे मोकळे मैदान असेलही, परंतु ते दिसतच नसेल, तर अनोळखी माणूस पाऊल पुढे टाकणार नाही. म्हणून कारंज्याची पहिली झलक प्रवेशद्वारापाशी मिळू द्या, अरुंद भागातून ते दिसणार नाही अशी एखादी झुडपांची रांग ठेवा आणि वाट रुंद होते तेथे संपूर्ण दृश्य उघडा. तसे केले तर लोक चालते राहतील.

थीम पार्कच्या रचनेत हा विचार जुना आहे. कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे संत्र्याच्या बागांच्या जागेवर 1955 मध्ये डिस्नेलँड सुरू झाले. वरूड-मोर्शीकडील माणसाला ती जागा डोळ्यांपुढे आणणे अवघड जाणार नाही. त्याच्या भोवती मातीचा उंच बांध घालून त्यावर झाडी लावली आणि वरून आगगाडी फिरवली. आपल्या शेताच्या धुऱ्याचेच ते मोठे रूप म्हणावे. त्यामुळे आतल्या माणसाला बाहेरचे शहर दिसत नाही. आत मात्र मुख्य रस्त्याच्या टोकाला 77 फुटी किल्ला समोर दिसत राहतो आणि पाहुणे आपोआप त्याच्याकडे चालत जातात. तेथील वृक्षरचना करणारे बिल इव्हान्स यांनी पाडल्या जाणाऱ्या बंगल्यांतील आणि रस्तारुंदीत जाणारी मोठी झाडे उचलून आणली होती, कारण पूर्ण वाढलेल्या झाडाचे काम रोपट्याने होत नाही. फ्लोरिडात 1971 मध्ये सुरू झालेल्या डिस्नेच्याच मॅजिक किंगडम या उद्यानामध्ये किल्ल्यासमोरचा चौक 2014-15 च्या सुमारास रुंद केला आणि आतषबाजी पाहणाऱ्यांना उभे राहण्यासाठी हिरवळीचे मोकळे पट्टे केले. तेथेही थांबणाऱ्यांना वाटेतून बाजूला घेणे हाच उपाय ठरला. नेदरलँड्समधील एफ्तेलिंग या थीम पार्कमधील 1952 सालचे परीकथांचे वन तर झाडीतच आहे. वळणावळणाच्या वाटेवर एक देखावा मागे पडल्यावर पुढचा दिसतो, त्यामुळे माणसे विखुरलेली राहतात.

यात्रा_स्वयंसेवक

वरील उत्तराशी मी सहमत आहे. केवळ अरुंद जागी झुडपांची रांग ठेवण्याच्या सूचनेबाबत मला सावध करावेसे वाटते. मी अनेक वर्षे यात्रांमध्ये गर्दी सांभाळण्याचे काम करतो. एका ठिकाणी वाटेच्या दोन्ही बाजूंना पाच फूट उंचीचे मेंदीचे कुंपण होते. तेथे चार वर्षांची एक मुलगी हरवली. ध्वनिक्षेपकावर तिचे नाव पुकारले जात होते, आम्ही दहा जण धावत होतो, आणि ती कुंपणाच्या पलीकडे, आईपासून हातभर अंतरावर, चप्पल छातीशी धरून बसली होती. कुंपणाने आईला मूल दिसत नव्हते आणि मुलाला आई दिसत नव्हती. ती मिळेपर्यंतची वीस मिनिटे मी विसरू शकत नाही.

तेव्हापासून माझा आग्रह असा आहे की जेथे मुले असतात तेथे कुंपण दोन फुटांच्या वर जाऊ देऊ नये. दृश्य झाकायचेच असेल तर ते वाटेपासून दूर, तलावाच्या बाजूला झाका. दुसरे म्हणजे कुंपण अखंड ठेवू नये. एका चौरस मीटरमध्ये चार-पाचपेक्षा अधिक माणसे दाटली की आपल्या मर्जीने पाऊल टाकणे अवघड होते. अशा वेळी बाजूला निघायला फट नसेल तर हिरवे कुंपणही भिंतीसारखेच ठरते. दर तीस-चाळीस फुटांवर सहा फुटांची मोकळी जागा ठेवा. लोकांनी हिरवळीतून स्वतःहून पाऊलवाट पाडली असेल, तर ती काटे टाकून बुजवू नका. तेथेच फरसबंदी करा, कारण गर्दीला कोठून जायचे आहे हे तिने आपल्याला आधीच सांगितलेले असते. रसवंती किंवा आइस्क्रीमची गाडी त्या दोन झाडांखाली असेल, तर ती मात्र आजच हलवा.

रोपवाटिका_वर्धा

छाटणी एकदम करू नका, दोन हंगामांत विभागा. हिवाळ्याच्या शेवटी, नवी पालवी फुटण्याच्या आधी ती करा. फांदी आधी खालून थोडी कापून मग वरून कापावी, म्हणजे साल सोलून निघत नाही.

नवी सावली हवी असेल तर ती आताच लावायला घ्या. मे महिन्याच्या उत्तरार्धात आपल्याकडे दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे सावली बुंध्याभोवतीच गोळा होते. साडेचारनंतर ती पूर्वेकडे लांबते आणि आपल्याकडे गर्दी येते ती त्याच वेळी. म्हणून प्रेक्षक जेथे बसावेत असे वाटते, त्या जागेच्या पश्चिमेला करंज आणि कडुनिंब लावा. गुलमोहर लवकर वाढतो, परंतु वादळात त्याच्या फांद्या मोडतात. गर्दीच्या जागी तो नको. शोभेच्या पामला सावली नसते. खड्डे तीन फुटांचे घ्या आणि आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते हे लक्षात ठेवून आळ्यांत काडीकचऱ्याचे आच्छादन करा.

पाणवठा_दारव्हा

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी आम्ही चौघांनी दोरी आणि बांबू घेऊन मोजणी केली. मागच्या पायरीवरून काढलेली रेषा पहिल्या झाडाजवळ अकरा फुटांवरून, तर दुसऱ्याजवळ नऊ फुटांवरून जाते. आड येणाऱ्या फांद्या फक्त सात आहेत. त्यांना लाल फडकी बांधून ठेवली आहेत. नंतर मी माझ्या सहा वर्षांच्या नातीला वाटेवर उभे केले, तेव्हा कळले की तिच्या नजरेला कडुनिंब मुळीच आड येत नाही. तिला अडवते ते आम्हीच हौसेने लावलेले साडेतीन फुटांचे कुंपण. ते दीड फुटांवर आणण्याचे काम आज सकाळी सुरू झाले आहे. रसवंतीवाल्या काकांना मैदानाच्या पश्चिम कडेची जागा दाखवली, ती त्यांनाही पसंत पडली. बैठकीत मी झाडे तोडण्याच्या ठरावाऐवजी सात फांद्यांचा आणि वीस करंजांचा ठराव मांडणार आहे.