मॉडेलमधील स्टेटस आकड्यांत साठवावे की शब्दांत?

प्रश्न

नमस्कार. अर्जांची छाननी करणारे, जँगोत (पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये) लिहिलेले एक ॲप्लिकेशन माझ्याकडे देखभालीसाठी आले आहे. त्यातील मॉडेलमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या टेबलची रचना सांगणाऱ्या क्लासमध्ये, स्टेटस हे इंटिजर (पूर्णांक) फील्ड असून ० म्हणजे मसुदा, १ म्हणजे दाखल, २ म्हणजे मंजूर आणि ३ म्हणजे नामंजूर, हा संकेत केवळ मॉडेलच्या वरच्या एका कॉमेंटमध्ये नोंदवलेला आहे. व्ह्यू, टेम्प्लेट आणि रिपोर्ट या सर्व ठिकाणी ‘स्टेटस == ३’ अशाच अटी आहेत. आता ‘त्रुटीपूर्तीसाठी परत’ ही पाचवी स्थिती वाढवायची आहे. त्यापूर्वी आकड्यांना नावे द्यावीत, शब्द साठवावेत की पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेसचा ईनम, म्हणजे ठरावीक व्हॅल्यूंचीच यादी असलेला टाइप, वापरावा? टेबलमध्ये लाखो नोंदी असल्याने वेगाचीही काळजी वाटते.

उत्तर १

जँगो ३.० पासून, म्हणजे डिसेंबर २०१९ पासून, टेक्स्टचॉइसेस आणि इंटिजरचॉइसेस हे दोन क्लास उपलब्ध आहेत. त्यांत प्रत्येक स्थितीचे कोडमधले नाव, डेटाबेसमध्ये साठणारी व्हॅल्यू आणि वापरकर्त्याला दिसणारे लेबल या तिन्ही गोष्टी एकाच ओळीत लिहिल्या जातात. आपली अट मग ‘स्टेटस == अर्जस्थिती.नामंजूर’ अशी होते. नाव लिहिताना चूक झाली तर ती ओळ चालताच एरर येते, उलट ३ च्या जागी चुकून २ पडला तर कोड निमूटपणे चुकीच्या अर्जावर काम करत राहतो.

माझे मत टेक्स्टचॉइसेसकडे झुकते, कारण थेट एसक्यूएल चालवून पाहणाऱ्यालाही नोंद वाचता येते. लेबल मात्र कधीही साठवू नये. ते ‘गेट_स्टेटस_डिस्प्ले’ या जँगोच्या तयार मेथडने दाखवावे, म्हणजे उद्या शब्दरचना बदलली तरी डेटाला हात लावावा लागत नाही.

वेगाचे म्हणाल तर आकडा आणि छोटा शब्द यांत दर नोंदीमागे काही बाइटचाच फरक पडतो. बहुतेक अर्ज निकाली निघालेले असतील, तर फक्त प्रलंबित अर्जांपुरता पार्शियल इंडेक्स (टेबलमधील ठरावीक नोंदींचीच शोधसूची) करण्याचा लाभ त्याहून कितीतरी मोठा असतो.

उत्तर २

वरील उत्तराशी सहमत आहे, पण चॉइसेस दिल्याने डेटाबेसचे रक्षण होते असे कृपया समजू नये. व्हॅल्यू यादीतलीच आहे ना, ही तपासणी फॉर्ममध्ये किंवा ‘फुल_क्लीन’ या मॉडेलच्या तपासणी-मेथडमध्ये होते, ‘सेव्ह’ ती आपणहून करत नाही आणि ‘अपडेट’ व ‘बल्क_क्रिएट’ तर तिला वळसा घालूनच जातात. म्हणून सोबत चेककन्स्ट्रेंट, म्हणजे चुकीची व्हॅल्यू डेटाबेसनेच नाकारावी असा नियम, मॉडेलच्या ‘मेटा’ या सेटिंग्जच्या क्लासमध्ये लावावाच. येथे एक अडचण हमखास येते: चॉइसेसचा क्लास मॉडेलच्या आत लिहिला, तर पायथॉनच्या स्कोपच्या नियमामुळे तो आतल्या ‘मेटा’ क्लासला थेट दिसत नाही आणि नेमएरर येते. तो मॉडेलच्या बाहेर, फाइलच्या वरच्या भागात लिहिला की प्रश्न मिटतो.

पोस्टग्रेसचा ईनम मी येथे टाळला असता. त्यात व्हॅल्यू वाढवता येते, आवृत्ती १० पासून तिचे नाव बदलता येते, पण काढून टाकण्याची आज्ञाच नाही. त्यासाठी नवा टाइप तयार करून कॉलम त्यावर न्यावा लागतो. छाननीचे नियम बदलत असतील, तर हे ओझे कशाला घ्यावे?

प्रश्नकर्ता

आभारी आहे. एक माहिती द्यायची राहिली: दुसरी एक प्रणाली याच टेबलमधून हे आकडे थेट वाचते आणि तिच्या कोडमध्ये मला बदल करता येत नाही.

उत्तर १

मग डेटा आहे तसाच राहू द्यावा आणि इंटिजरचॉइसेस वापरावे. डेटाबेसमधली नोंद नुसती पाहून समजणार नाही, पण कोड वाचनीय होईल आणि एकही नोंद बदलावी लागणार नाही. नव्या स्थितीला ४ हा आकडा द्यावा. ती क्रमाने ‘दाखल’नंतर येत असली, तरी जुने आकडे सरकवू नयेत. यादीत क्रम हवा असेल तर तो क्वेरीमध्ये केस-व्हेन (अटीनुसार व्हॅल्यू देणारी रचना) वापरून लावता येतो. त्या दुसऱ्या प्रणालीला ४ हा आकडा चालतो का, हे मात्र मायग्रेशन (मॉडेलमधील बदल डेटाबेसवर लागू करणारी फाइल) चालवण्याआधी तिच्या चमूकडून लेखी घ्यावे.