आयुष्यात एकदा तरी ताजमध्ये एक रात्र राहावं, असं माझं ठाम मत आहे

गोदीवाल्याची_लेक

माझे वडील मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क, म्हणजे मालाची मोजदाद लिहिणारे, होते, आम्ही शिवडीला राहायचो. गावाहून कुणी आलं की रविवारचा कार्यक्रम ठरलेला: राणीची बाग, चौपाटी आणि शेवटी गेटवे. तिथे समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं आणि ताजकडे बघायचं. माझे काका दरवेळी खिडक्या मोजायला घ्यायचे आणि दरवेळी मध्येच चुकायचे. आत जायचं कुणाच्या मनातही यायचं नाही. कुणी अडवलं होतं असं नाही, आम्हीच कधी दारापर्यंत गेलो नाही.

गेल्या महिन्यात आईला पंचाहत्तर पूर्ण झाली. भाऊ म्हणत होता हॉल घेऊ, शंभर पानं उठवू. मी आईला घेऊन ताजमध्ये एक रात्र राहिले. टॉवरमधली खोली, समुद्राच्या बाजूची, नाश्ता आणि कर धरून सत्तावीस हजार. भावाने अजून माझ्याशी नीट बोलणं सुरू केलेलं नाही. "बापाने जन्मभर घाम गाळला तो यासाठी?" हे त्याचं वाक्य. त्यालाच उत्तर म्हणून हे लिहितेय.

संध्याकाळी तिथल्या एका मुलीने राहायला आलेल्या आम्हा पाचसहा जणांना जुनी वास्तू फिरवून दाखवली. मधला मोठा जिना खालून खांबाच्या आधाराशिवाय वर चढत जातो, डोकं मागे टाकून बघितलं तर थेट घुमटापर्यंत नजर जाते. आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा, असं तिने सांगितलं. आईने "वैद्य? म्हणजे आपल्यातले?" असं दोनदा विचारलं. पंचाहत्तर वर्षांची बाई, पंचावन्न वर्षं या शहरात राहिलेली, आणि ही इमारत उभी करणाऱ्यांत एक मराठी माणूस होता हे तिला त्या दिवशी कळलं. मलाही.

पण मला सांगायचंय ते रात्रीचं. जेवून वर आलो. आई खिडकीशी खुर्ची ओढून बसली. बाहेर अंधारात नांगरलेल्या बोटींचे दिवे होते. आणि ती बोलायला लागली. बाबांची रात्रपाळी असायची तेव्हा ती कशी जागी राहायची, गोदीत संप झाला तेव्हा शेजारच्या बाईने गुपचूप तांदूळ आणून दिले होते, पहिलं मूल गेलं ते कसं गेलं. पहिलं मूल! मला माझ्या वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी कळलं की माझ्या आधी एक बहीण होती. साडेबारापर्यंत ती बोलत होती.

घरी हे कधी झालं नसतं. घरी आई बसतच नाही. दूध तापतंय, पाणी जाईल, उद्याची भाजी निवडायची आहे. लग्नकार्याला गेली तरी तिथल्या स्वयंपाकघरात शिरते. त्या रात्री पहिल्यांदा तिच्या हाताला काहीही काम नव्हतं आणि ते नव्हतं म्हणून तिला अपराधी वाटत नव्हतं. सत्तावीस हजार गादीचे किंवा नळाचे नव्हते, या मोकळ्या हातांचे होते. म्हणून म्हणते, आपल्यासारख्यांनी कर्ज न काढता जमत असेल तर एकदा राहावं. निदान आईला घेऊन.

हिशेबनीस

लेख मनापासून लिहिलाय, तरी मी सहमत नाही. सत्तावीस हजारांतले चार हजारांहून जास्त नुसता जीएसटी. साडेसात हजारांच्या वर भाडं गेलं की १८ टक्के लागतो. उरलेले तेवीस हजार म्हणजे अनेकांच्या घरातला महिन्याचा सगळा खर्च. आई बोलली कारण तुम्ही एक पूर्ण संध्याकाळ तिच्याजवळ फोन बाजूला ठेवून बसलात. त्याला ताज कशाला लागतं? माथेरानच्या साध्या लॉजमध्येही ती बोलली असती.

आणि भावाची बाजू इतक्या पटकन निकालात काढू नका. शंभर पानं म्हणजे आईची भावंडं, नणंदा, जुन्या शेजारणी. या वयात ती माणसं पुन्हा एकत्र भेटतीलच असं नाही. आईला विचारलं होतंत का?

गोदीवाल्याची_लेक

विचारलं होतं. दोन्हीला नाही म्हणाली. आमच्या घरात आईला विचारलं की उत्तर नाहीच येतं, "कशाला उगाच खर्च?" हॉल घेतला असता तर ती सकाळपासून उभी राहून सगळ्यांच्या ओट्या भरत बसली असती. शेजारणींचा मुद्दा मात्र मला लागला. तो माझ्या मनात आला नव्हता.

चाफा_वेंगुर्ला

सत्तावीस हजारांत आमच्याकडे दोघी आठ दिवस राहाल, दोन वेळचं माशांचं जेवण धरून. आणि घरची माणसं नावाने हाक मारतील.

भटक्या_नोकरदार

कामानिमित्त महिन्याच्या दहाबारा रात्री मोठ्या हॉटेलांत काढतो, पैसे कंपनीचे. पहाटे जाग आली की मी गुरुग्रामला आहे, हैदराबादला आहे की बंगळुरूला हे कळायला वेळ लागतो. तोच पांढरा पलंग, तीच काळी किटली, लॉबीत सगळीकडे एकच वास. मिनीबारमधल्या काजूच्या पाकिटाची किंमत बघून ते परत ठेवायचं. रविवारी घरी आल्यावर कुकरची शिट्टी ऐकून डोळ्यांत पाणी येतं, खरंच सांगतो. ऐषारामाचं कौतुक ज्याला तो क्वचित मिळतो त्यालाच असतं. धागाकर्तीने दुसऱ्यांदा जाऊ नये.

सातारकर

मी ठाम विरोधात आहे आणि कारण पैशाचं नाही.

तीन वर्षांपूर्वी पहिला मोठा बोनस मिळाला. आईवडिलांना एका शहरातल्या पंचतारांकित हॉटेलात जेवायला नेलं. नाव लिहीत नाही. वडील शेतकरी, धोतर, पांढरा सदरा, टोपी. मी गाडी लावायला थांबलो, ते दोघं पुढे गेले. मी पोचलो तेव्हा दारावरचा माणूस वडिलांना हिंदीत विचारत होता, "किससे मिलना है?" त्यांच्या शेजारून हाफ पँट आणि चप्पल घातलेला एक तरुण सरळ आत गेला, त्याला कुणी काही विचारलं नाही. मी पुढे होऊन बोललो, लगेच माफी मागितली, हसून आत घेतलं, व्यवस्थापकाने गोड पदार्थ मोफत पाठवला. वडिलांनी त्याला हात लावला नाही. परतताना गाडीत एवढंच म्हणाले, "बाळा, पुढच्या वेळी आपल्या नेहमीच्या खानावळीत जाऊ."

तुम्ही म्हणता आम्हीच कधी दारापर्यंत गेलो नाही. ताई, आम्ही गेलो. दारावरच्या माणसाला मी दोष देत नाही, त्याला कुणीतरी शिकवलंय की कुणाला थांबवायचं. पण जिथे माझ्या बापाची टोपी बघून प्रश्न पडतो तिथल्या मऊ गादीचं मला काही सांगू नका.

चाळकरी

सातारकर, वाचून पोटात तुटलं.

फोर्टवाला

चर्चा भावनेची आहे, तरी इमारतीबद्दल थोडं लिहितो, कारण गेटवेवर उभं राहून लोक काहीही सांगत असतात.

ताज गेटवेपेक्षा जुनं आहे. हॉटेल १६ डिसेंबर १९०३ ला उघडलं, गेटवे पूर्ण झालं १९२४ साली. म्हणजे एकवीस वर्षं समुद्र आणि ताज यांच्यामध्ये ती कमान नव्हतीच. "इमारत चुकून उलटी बांधली आणि आराखडा करणाऱ्याने जीव दिला" ही थाप आहे. मूळ प्रवेशद्वार शहराच्या बाजूला मुद्दाम ठेवलं होतं, कारण बग्ग्या तिकडून यायच्या. आज तिथे पोहण्याचा तलाव आहे. वैद्य काम पुरं होण्याआधीच वारले, पुढचं काम डब्ल्यू. ए. चेंबर्सने केलं. जिन्याचं श्रेय सोराबजी कॉन्ट्रॅक्टर या बांधकाम करणाऱ्याला देतात. जमशेदजी टाटांना वॉटसन्स हॉटेलात प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधलं ही गोष्टही इतिहासकार सरसकट मान्य करत नाहीत. ते वॉटसन्स काळा घोड्याला अजून उभं आहे, मोडकळीला आलेलं. १८९६ साली ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रं मुंबईत पहिल्यांदा दाखवली ती तिथे.

धागाकर्ती ज्या टॉवरमध्ये राहिल्या तो १९७३ चा, ग्रीन्स हॉटेल पाडून बांधलेला. आणि पहिल्या महायुद्धात हेच ताज सहाशे खाटांचं इस्पितळ झालं होतं. माझं मत विचाराल तर राहू नका, पण आत जाऊन या. शहराचा इतिहास बघायला रात्रीचं भाडं भरावं लागू नये.

मागचं_दार

अकरा वर्षं हाऊसकीपिंगमध्ये काढली, दुसऱ्या एका मोठ्या हॉटेलात. त्यामुळे या धाग्यावर मी ज्या बाजूने बघतेय ती इथे कुणाची नाही.

आमच्याकडे एका शिफ्टला चौदा खोल्या असायच्या. पाहुणा खोली सोडून गेला की पलंग उतरवायचा, नवीन चादर ताणून चारही कोपरे पाकिटासारखे दुमडायचे, बाथरूम कोरडंठाक करायचं, आरशावर एक थेंब दिसता कामा नये. मग सुपरवायझर येऊन पलंगाखाली बोट फिरवणार. जड गादी उचलून उचलून माझी कंबर पस्तिशीतच गेली. धागाकर्ती, तुमच्या आईच्या हाताला काम नव्हतं, कारण ते माझ्यासारखीच्या हाताला होतं. हे मी रागाने म्हणत नाही. तुमच्या आईने तिथे स्वतःची कपबशी धुवून ठेवली असेल तर मला अजिबात नवल वाटणार नाही. आम्हाला अशा आया लगेच कळायच्या. कप बेसिनजवळ पालथे घातलेले, टॉवेलची घडी. ते कप पुन्हा धुवावेच लागतात, नियम आहे. त्यापेक्षा वापरलेले टॉवेल एका जागी टाकून ठेवले तर खरी मदत होते.

सातारकर, तुमच्या वडिलांना अडवणारा माणूस बहुतेक वेळा सुरक्षा एजन्सीचा, कंत्राटावरचा असतो. हॉटेलच्या कँटीनमध्येही त्याचं जेवण वेगळं धरतात अशा जागा मी बघितल्यात. आतलं अगत्य आणि दारावरची नजर यांचा मालक एकच असतो, शिकवण मात्र दोन तऱ्हेची.

तरी मी म्हणेन, राहा. तुमच्यासारखी माणसं आली की आम्हाला बरं वाटायचं. रोजच्या पाहुण्यांना आम्ही दिसायचो नाही. एकदा एका आजींनी मला खोलीत बसवून दशमी खायला लावली, नोकरी जायची भीती असूनही मी खाल्ली. आणि टिप द्यायची असेल तर उशीवर पाकिटात, वर "हाऊसकीपिंगसाठी" असं लिहून ठेवा. नाहीतर हात लावायची हिंमत होत नाही. बिलात सर्व्हिस चार्ज लावलाय म्हणजे तो आम्हाला पोचला असं धरू नका. तो सक्तीचा नाही, दिल्ली उच्च न्यायालयानेही २०२५ मध्ये उपाहारगृहांबाबत तेच सांगितलंय.

गोदीवाल्याची_लेक

मागचं_दार, तुम्ही बरोबर ओळखलंत. कपबशी धुतली होती, आणि सकाळी खोली आवरायला आलेल्या मुलीला "तू कुठची गं?" विचारून तिच्याकडून राजापूरचा पत्ताही घेतला. पाकीट मी ठेवलं नाही. पैसे हातात दिले, आणि तिने ते घेताना दाराकडे बघितलं हे मला आज तुमचं वाचल्यावर समजलं. मोकळ्या हातांबद्दल मी जे लिहिलं त्यात ती मुलगी नव्हती. असायला हवी होती.

कुलाबा_पाचवी_गल्ली

ज्यांना जायचंय त्यांनी जावं. मी जाऊ शकत नाही. २००८ च्या हल्ल्याच्या त्या रात्री आम्ही तिथून हाकेच्या अंतरावर होतो. २६ नोव्हेंबरच्या रात्रीपासून २९ च्या सकाळपर्यंत गोळ्यांचे आवाज, घुमटाजवळून निघणारा धूर. तिथल्या स्वयंपाकघरातली माणसं पाहुण्यांना बाहेर काढताना मारली गेली. तेव्हाचे महाव्यवस्थापक करमबीर कांग यांची पत्नी आणि दोन मुलं वरच्या मजल्यावर आगीत गेली आणि ते खाली लोकांना वाचवत राहिले. जुना भाग १५ ऑगस्ट २०१० ला पुन्हा उघडला तेव्हा सगळे खूश होते. मी त्या फुटपाथवरून अजून चालत नाही. त्या जागेला कुणी 'अनुभव' म्हटलं की मला त्रास होतो.

गोदीवाल्याची_लेक

आत त्या हल्ल्यात गेलेल्या ३१ जणांच्या नावांचं स्मृतिस्थळ आहे. आई तिथे हात जोडून बराच वेळ उभी होती. तुम्हाला यापेक्षा वेगळं काही सांगायचा मला अधिकार नाही.

हिशेबनीस

माझं मत बदललेलं नाही, खर्च जास्तच झाला. पण भावाला हा धागा वाचायला द्या. बहिणीबद्दल त्यालाही माहीत नसणार.

गोदीवाल्याची_लेक

दिला. काल रात्री फोन आला होता. भांडण मिटलं नाही, पण तासभर बोललो, बहुतेक तिच्याबद्दलच. शेजारणींना आता घरीच बोलावतोय, पुढच्या रविवारी.

आईला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. सातारकरांचं ऐकल्यावर तिने विचारलं, "त्या मुलाचे वडील आता कसे आहेत?" सातारकर, कळवा. ती रोज विचारतेय.

सातारकर

बरे आहेत. गुडघे दुखतात, तरी रानात जायचं सोडत नाहीत. तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

दिवाळीनंतर डॉक्टरांना दाखवायला मुंबईत आणतोय. मुक्काम बहिणीकडे घाटकोपरला, हॉटेलात नाही. पण फोर्टवाल्यांचं वाचून त्यांना तो जिना दाखवावा असं वाटायला लागलंय. ताजच्या सी लाउंजमध्ये चहाला खिडकीजवळचं टेबल आधी सांगून ठेवावं लागतं का? वडील धोतर-टोपीतच येतील. मी गाडी लावायला थांबणार नाही, त्यांच्याबरोबर दारातून जाणार.