मदत हवी आहे: १८व्या शतकातल्या इंग्रज कारभाऱ्याची पत्रं आणि शिशाचा न जुळणारा हिशेब

मंडळी, नमस्कार.

इंग्लंडच्या उत्तरेला नॉर्थंबरलंड, डरहम आणि कंबरलंड जिथे एकमेकांना भिडतात, त्या डोंगराळ पट्ट्यातल्या एका जमीनदाराच्या कारभाऱ्याची पत्रांची वही सध्या वाचते आहे. इथल्या एका अभिलेखागारात स्वयंसेवकांकडून जुनी हस्तलिखितं उतरवून घेतात, त्यात ही माझ्या वाट्याला आली. घराण्याचं नाव जाहीर करायला परवानगी नाही, म्हणून 'मालक' आणि 'कारभारी' एवढ्यावरच भागवून घ्या. काळ १७३८ ते १७५३. यावर दिवाळी अंकासाठी लेख कबूल करून बसले आहे आणि चार गोष्टी काही केल्या सुटत नाहीत.

थोडी पार्श्वभूमी. मालक वर्षातले बरेच महिने लंडनला. गावाकडची जमीन, कुळं, जंगल, चुन्याच्या भट्ट्या आणि शिशाच्या खाणी असं सगळं या एका माणसाच्या अंगावर. हा भाग म्हणजे त्या काळात शिशाचं आगर. शेजारच्या ऑल्स्टन मूरच्या खाणी मुळात डर्वेंटवॉटरच्या अर्लच्या. १७१५ च्या जॅकोबाइट (पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूच्या) बंडात तो सामील झाला, १७१६ मध्ये त्याचं डोकं उडवलं, जहागीर जप्त झाली आणि १७३५ मध्ये ती ग्रिनिचच्या नाविकांच्या हॉस्पिटलला दिली गेली. म्हणजे लंडनमधल्या म्हाताऱ्या खलाशांच्या जेवणाचा काही खर्च या डोंगरातल्या शिशावर चालायचा. आमचा कारभारी या हॉस्पिटलच्या माणसांशीही पत्रव्यवहार करतो, आणि खाणी चालवणाऱ्या, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या लंडन लेड कंपनीशीही. दोघांबद्दलचं त्याचं मत फारसं बरं नाही, पण पत्रात मायना मात्र अगदी लोण्यासारखा.

वहीत फक्त त्याने पाठवलेल्या पत्रांच्या नकला आहेत. आलेली पत्रं नाहीत. मधूनमधून हिशेबाचे कागद टाचलेले आहेत, बस.

आता अडचणी. पहिली तोलाची. भट्टीवरून ४० फोदर (शिसं तोलायचं मोठं माप; हंड्रेडवेट त्याहून लहान) शिसं न्यूकॅसलच्या धक्क्यावर रवाना झाल्याची नोंद आहे. तेच शिसं जहाजाने लंडनला गेलं, आणि तिथल्या व्यापाऱ्याच्या पट्टीत ४३ फोदर आणि वर दीड हंड्रेडवेट! वाटेत माल घटलेला समजू शकते, वाढला कसा? त्यावर कारभारी एका शब्दाने काही बोलत नाही. मला आधी वाटलं, भट्टीवर कमी दाखवून मधल्या मधे काही खाल्लं असेल. पण मग लंडनच्या पट्टीत ते उघड कसं होऊ दिलं?

दुसरी तारखांची. कडाक्याच्या थंडीची पत्रं आहेत. पाणी गोठलं, खनिज धुणं बंद, तट्टं डोंगर चढेनात. ही जानेवारी १७३९ ची. पण वहीत ती नोव्हेंबर १७३९ च्या नंतर आहेत आणि पानं मुळातच शिवलेली आहेत, मागाहून घुसडलेली नाहीत. शिवाय रॉटरडॅमच्या गिऱ्हाइकाला लिहिलेल्या एका उत्तरात 'आपलं २० मेचं पत्र पावलं' असं आहे, आणि उत्तराची स्वतःची तारीख १६ मे.

तिसरी खाणकामगारांच्या पैशांची. दर महिन्याला माणशी ठरावीक रक्कम दिली जाते, पण ती मजुरी म्हणून नाही, कर्जाऊ म्हणून खात्यावर पडते. वर्षाअखेर 'पे' नावाचा मोठा दिवस. त्या दिवशी कित्येकांच्या हाती काहीच पडत नाही, उलट बाकी पुढच्या वर्षावर ओढलेली. हे लोक नोकर होते की कंत्राटदार?

चौथी माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची. १७४० च्या वसंतात भट्टीच्या खालच्या अंगाला असलेल्या एका कुळाची दोन वासरं आणि एक घोडी मेली. कारभाऱ्याने त्याच दिवशी दोन पत्रं लिहिली. मालकाला कळवलं की यंदा थंडीने चारा संपला, बऱ्याच ठिकाणी जनावरं दगावली, त्यातलाच हा प्रकार. आणि भट्टीवरच्या मुकादमाला लिहिलं की भट्टीतली मळी ओढ्याच्या काठावर टाकणं ताबडतोब बंद करा आणि कुळाशी या विषयावर कोणीही बोलू नका. खरं कुठलं धरायचं? लेखात 'कारभारी खोटं बोलला' असं लिहायला हात धजत नाही, आणि न लिहावं तर ते दुसरं पत्र डोळ्यासमोरून हलत नाही.

जाणकारांनी कृपया मदत करावी. इंग्रजी इतिहासाचा संबंध नसला तरी जुन्या कागदांची सवय असलेले इथे बरेच आहेत, हे माहीत आहे म्हणूनच विचारते आहे.

– पाटीपेन्सिल

*

तोलमाप:

पहिल्या प्रश्नात चोरी नाही, ताई. फोदर हे एकच माप नव्हतं. न्यूकॅसलचा फोदर २१ हंड्रेडवेटचा, लंडनचा साडेएकोणीसचा. डर्बीशरकडे तर २२ च्याही वर जायचा. तुमचे ४० गुणिले २१ म्हणजे ८४० हंड्रेडवेट. त्याला साडेएकोणीसने भागा: ४३ फोदर आणि उरले दीड. तुमच्या पट्टीतला आकडा तंतोतंत. एक पौंडही इकडचा तिकडे झालेला नाही. कारभारी गप्प बसला कारण त्याला आणि व्यापाऱ्याला दोघांनाही हे पाठ होतं. आणि एक हंड्रेडवेट म्हणजे ११२ पौंड, १०० नव्हे, हे लेखात जरूर सांगा. नाहीतर वाचक पुन्हा घोळ घालतील.

खनिजाचं माप वेगळं असणार, बघा. त्या भागात धुतलेलं खनिज 'बिंग'मध्ये मोजत, एक बिंग ८ हंड्रेडवेटचा. ढोबळमानाने चार बिंगांतून एक फोदर शिसं निघायचं. चारऐवजी पाच-सहा बिंग लागल्याचं कुठे दिसलं, तर मात्र भट्टीवर शंका घ्यायला जागा आहे. किंवा खनिज नीट धुतलेलं नव्हतं.

आणखी एक. मालात साधं शिसं आणि शुद्ध केलेलं शिसं असे दोन प्रकार दाखवलेत का? तिथल्या शिशात चांदी असते. टनाला साधारण ८ औंसांच्या वर चांदी असेल तरच ती काढणं त्या काळी परवडायचं. कमी चांदीच्या शिशातूनही ती काढायची युक्ती पुढे १८३३ मध्ये पॅटिन्सन नावाच्या रसायनतज्ज्ञाने आणली, आणि तो ऑल्स्टनचाच.

*

गडवाट:

तारखांचं मी सांगतो, कारण मुंबईकर इंग्रजांची जुनी पत्रं वाचताना याच दगडाला आम्हीही ठेचकाळलोय. १७५२ पर्यंत इंग्लंडमध्ये सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे तुमच्या वहीतला 'जानेवारी १७३९' म्हणजे आपला जानेवारी १७४०. काही जण १७३९/४० असं दोन्ही लिहीत, तुमचा कारभारी तसदी घेत नाही एवढंच. १७३९-४० चा हिवाळा युरोपभर भयंकर होता, त्यामुळे थंडीचं वर्णनही चपखल बसतं.

रॉटरडॅमचं त्याहून सोपं. हॉलंडने नवी दिनदर्शिका कधीच घेतली होती, इंग्लंड जुन्यावर अडून बसलेलं. फरक ११ दिवसांचा. तिथला २० मे म्हणजे न्यूकॅसलचा ९ मे. पत्र ९ ला निघालं, १६ ला उत्तर गेलं. आठवडाभरात समुद्र ओलांडून पत्र पोचलं, छानच की. आपल्याकडे वसईचा किल्ला पडला त्याचीही हीच गंमत: पोर्तुगीज कागदांत १६ मे १७३९, तर मुंबईच्या इंग्रजांच्या लेखी तो दिवस ५ मे.

क्वेकर कंपनीच्या पत्रांबाबत मात्र जपून. ते लोक महिन्यांची नावं वापरत नसत, पहिला महिना, दुसरा महिना असं लिहीत. आणि १७५२ पूर्वी त्यांचा पहिला महिना म्हणजे मार्च. 'दुसऱ्या महिन्याची ३ तारीख' दिसली की एप्रिल समजा.

सप्टेंबर १७५२ मध्ये इंग्लंडनेही नवी दिनदर्शिका घेतली, तेव्हा २ तारखेनंतर एकदम १४ उजाडली. तुमच्या वहीत तो महिना असेलच. मजुरांच्या हजेरीचं त्या महिन्यात काय केलंय ते बघून सांगा ना, मला फार उत्सुकता आहे.

*

बार्शीकर:

तिसऱ्यासाठी लांब जायची गरजच नाही. ऊसतोडीची उचल आठवा. हंगामाआधी मुकादम टोळीला उचल देतो, तोडीच्या टनांवर ती फिटते, नाही फिटली तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे. तुमचे खाणकामगार तेच करत होते.

त्यांच्याकडे याला 'बार्गेन' म्हणत. चार-सहा जणांची टोळी खाणीतला ठरावीक तुकडा तीन महिन्यांसाठी घेई. दर ठरे बिंगमागे: धुतलेल्या खनिजाच्या एका बिंगला इतके शिलिंग. खडक नुसता फोडायचा असेल तर लांबीवर. मेणबत्त्या, सुरुंगाची दारू, अवजारं दुरुस्त करायचा खर्च त्यांच्याच खात्यावर. शीर (खडकातला खनिजाचा पट्टा) चांगली लागली तर वर्षाअखेर खिसा गरम, नाही लागली तर उचलच फिटत नाही. दर ठरवताना कारभाऱ्याचा किंवा त्याच्या माणसाचा डोळा महत्त्वाचा. शीर श्रीमंत दिसली की दर उतरवायचा, खडक दिसला की चढवायचा. टोळीवाले पण काही साधे नसत. दर ठरायच्या आठवड्यात चांगली शीर मुद्दाम दगडाने झाकून ठेवत, अशा तक्रारी कारभाऱ्यांच्या पत्रांत हमखास सापडतात. तुमच्या वहीतही असतील.

म्हणजे नोकर की कंत्राटदार, तर कागदोपत्री कंत्राटदार, पोटाला नोकर. बहुतेकांकडे गुजराण होईल एवढा जमिनीचा तुकडा आणि एखादी गाय असायची. म्हणूनच गवत कापणीच्या दिवसांत खाणी ओस पडायच्या.

*

जुनाबाजार:

चौथ्याबद्दल. भट्टीजवळच्या जमिनीत शिसं उतरून जनावरं मरणं ही तिथली जुनी आणि सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. धूर बाहेर पडून गवतावर बसायचा, मळी ओढ्यात जायची. भट्टीचा धूर डोंगरावरून लांबलचक बोगद्यातून न्यायची पद्धत बरीच नंतर आली. म्हणजे १७४० मध्ये कारभाऱ्याला काय होतंय हे माहीतच नव्हतं, असं म्हणायला जागा नाही.

पण मालकाला लिहिलेलंही अगदीच थाप म्हणता येणार नाही. त्या हिवाळ्यानंतर चारा खरोखरच नव्हता. धान्याचे भाव इतके चढले की जून १७४० मध्ये न्यूकॅसलला दंगल होऊन लोकांनी गिल्डहॉल (नगरसभेची इमारत) फोडला. त्यामुळे एका कुळाची तीन जनावरं मेली तर दोन्ही कारणं शक्य.

पत्रांवरून निकाल लागणार नाही. पत्र माणूस समोरच्याचं तोंड बघून लिहितो. तुम्ही खंडाची वही मागवा. त्या शेताचा खंड १७४० च्या एकाच वर्षात माफ केला असेल, तर कारण थंडी. पुढेही कायम कमी राहिला असेल, तर जमीन नासली हे त्याने मनोमन मान्य केलंय. आणि सूट कुठल्या खात्यावर टाकली तेही बघा. जमिनीच्या की भट्टीच्या. तुमचा माणूस एकाच वेळी कुळाचाही धनी आणि भट्टीचाही, त्यामुळे खर्च कुठल्या बाजूला ढकलला यावरून त्याच्या मनातलं कळेल.

आलेली पत्रं मिळवायची असतील तर मालकाच्या वारसांकडे मुलीच्या लग्नातून जमिनी कुठे गेल्या ते शोधा. अशी दफ्तरं भलत्याच परगण्यात निघतात. ग्रिनिच हॉस्पिटलशी झालेला पत्रव्यवहार तर लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात, नौदलाच्या कागदांत आहे.

*

पाटीपेन्सिल:

तुम्ही सगळे कमाल आहात. ४३ फोदर दीड हंड्रेडवेट हे उत्तर वाचून मी खुर्चीतून उठले.

@गडवाट, सप्टेंबर १७५२: हजेरीच्या रकान्यात ३ ते १३ तारखांना तिरपी रेघ मारली आहे आणि महिन्याची उचल त्या प्रमाणात कापली आहे. वर कसलाही शेरा नाही.

@बार्शीकर, शीर झाकल्याची तक्रार आहे. एका टोळीचं नाव घेऊन आहे, आणि पुढच्या तिमाहीत तीच टोळी, तोच तुकडा, दर मात्र खाली आणलेला.

@जुनाबाजार, खंडाची वही काल मिळाली. त्या शेताचा खंड १७४० मध्ये निम्मा केला आणि वही १७५१ ला संपते तिथपर्यंत तो निम्माच आहे. सूट जमिनीच्या खात्यावर नाही. भट्टीच्या खर्चात, कोळसा आणि लाकडाच्या खालोखाल, 'खालचं शेत' एवढ्या दोन शब्दांवर दरवर्षी तीच रक्कम. मालकाने वर्षाच्या हिशेबावर सही केलेली आहे, म्हणजे त्यानेही ती ओळ दरवर्षी पाहिली असणार.

आता एकच उरलं. मालकाकडून येणारी-जाणारी पत्रं फुकट जात, कारण तो पार्लमेंटचा सभासद होता आणि त्याच्या सहीवर टपाल लागत नसे. एरवी पैसे पत्र घेणाऱ्याने भरायचे. आमचा कारभारी लंडनच्या व्यापाऱ्याची पत्रंही मालकाच्या लिफाफ्यात घालून पाठवतो. हे सर्रास चालायचं की त्यावर बंदी होती, कोणाला नक्की ठाऊक आहे का?

*

तोलमाप:

सर्रास चालायचं, आणि टपालखातं त्यावर कायम जळफळायचं. त्याचे नियम पुढे कडक होत गेले. तुमच्या व्यापाऱ्याने मात्र मनातल्या मनात कारभाऱ्याचे आभारच मानले असतील, पैसे त्याचे वाचत होते.

एक करा. भाव पाडून किंवा चढवून सांगणारी पत्रं त्या लिफाफ्यातून गेली की स्वतंत्र, हे ताडून बघा. मालकाच्या लिफाफ्यात घातलेलं पत्र मालकाला उघडून वाचता येत होतं.

*

पाटीपेन्सिल:

बापरे, हे डोक्यातच आलं नव्हतं. नकलेच्या समासात 'मालकामार्फत' असं बारीक अक्षरात असतं खरं. हुंड्या पाठवलेली पत्रं बहुतेक त्याच वाटेने गेलेली दिसतात. भावाची चर्चा असलेली पुन्हा काढून बघते आणि इथेच टाकते. लेखाची मुदत महिनाअखेर आहे, त्यामुळे कोणाला अजून काही सुचलं तर लवकर लिहा.