मदत हवी आहे : ट्रॉमा सर्जनचं काम शाळेतल्या मुलांना मराठीत कसं सांगू?

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय.

मी इंदूरला हाडांचा डॉक्टर आहे, त्यातही अपघातवाला. गुडघे बदलणारा नाही. बायपासवरून, महामार्गावरच्या गणपती घाटातून जे काही मोडून येतं ते जोडणारा. लोकमान्य नगरातल्या आमच्या मंडळाने गणपतीत दहावी-बारावीच्या मुलांपुढे अर्धा तास बोलायला बोलावलंय. 'मराठीतच हं', ही अट. आई खूष. मी परवा रात्री लिहायला बसलो आणि पहिल्याच परिच्छेदात अडकलो. पेशंटशी हिंदी, गावाकडून आलेल्यांशी मोडकीतोडकी निमाडी, ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, इंग्रजी. मराठी फक्त घरात, आणि घरात जेवताना फ्रॅक्चरचं नाव काढायला बायकोने बंदी घातली आहे.

पहिली अडचण 'रिडक्शन'ची. सरकलेले तुकडे मूळ जागेवर आणणं, आमच्या कामाचा निम्मा जीव त्यात आहे. 'कपात' म्हटलं तर पोरांना पगार आठवेल. आजी 'हाड बसवणं' म्हणायची, शब्द अगदी नेमका आहे. पण आमच्याकडे 'हड्डी बिठाने वाले' पहलवान असतात. त्यांनी बांबूच्या कामट्या करकचून बांधलेले हात माझ्याकडे येतात तेव्हा बोटं काळीनिळी असतात. म्हणून तो शब्द तोंडात घोळतो, बाहेर येत नाही.

मग 'नेल'. खिळा म्हटलं की भिंत आठवते. पेशंट सरसकट 'रॉड' म्हणतात. मांडीचं हाड आतून पोकळ असतं, त्या पोकळीत वरून लांब सळई सरकवायची, वर-खाली आडवे स्क्रू मारून ती अडकवायची. जर्मनीत क्युन्चर नावाच्या सर्जनने 1939 मध्ये अशी सळई घालायला सुरुवात केली, आडवे स्क्रू पुढे आले. पूर्वी हा पेशंट वजन लटकवून महिनोन् महिने खाटेवर असायचा. आता बहुतेकांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वॉकर देऊन उभं करतो. हे सांगायला मजा येईल. सी-आर्मच्या, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर सळई खाली उतरताना दिसते, आणि हाडात घट्ट बसायला लागली की हातोडीचा आवाज बदलतो. तो आवाज ऐकण्यासाठी ओटीत सगळे गप्प होतात. हे मराठीत कसं लिहू? 'ठक्'चं 'ठण्' होतं, एवढंच सुचलंय.

घाई कशाची आणि थांबायचं कशासाठी, हेही सांगायचंय. नडगी मोडली की पोटरीतले स्नायू सुजतात, पण त्यांच्याभोवतीचं आवरण ताणत नाही. आतला दाब वाढत जातो, रक्त पोचेनासं होतं आणि काही तासांत स्नायू मरायला लागतो. रेसिडेन्ट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, असताना रात्री एका एकोणीस वर्षांच्या मुलाला मी दोनदा दुखण्याचं इंजेक्शन दिलं आणि चहाला गेलो. तिसऱ्यांदा सिनियरने येऊन त्याच्या पायाचा अंगठा नुसता हलकेच वर केला, तर पोरगा किंचाळला. इंजेक्शन देऊनही दुखणं वाढतच होतं, तेव्हाच मला कळायला हवं होतं. त्याच रात्री पोटरी दोन्ही बाजूंनी लांब चिरून उघडी ठेवली. पाय वाचला, पाऊल मात्र पूर्ण उचलता येत नाही. ही गोष्ट मुलांना सांगावी का?

करिअरचं सगळं खरं सांगावं का, हाही प्रश्नच. एमबीबीएसची इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, मग नीट पीजी ही प्रवेश परीक्षा, एमएस ऑर्थोची (हाडांच्या शाखेची) तीन, वर सिनियर रेसिडेन्सी आणि फेलोशिप. तिशी ओलांडते. सांधे बदलणाऱ्याचं ऑपरेशन सकाळी नऊला, ठरवून. माझं रात्री दोनला, आणि पेशंटच्या खिशात बऱ्याचदा कागदसुद्धा नसतो. पालक समोर बसलेले असणार.

शेवटची अडचण मोठी. कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलने नडगीच्या उघड्या जखमांसाठी एक स्कोअर केलाय, जखम किती वाईट ते गुणांत मोजणारा, तो आम्ही वापरतो. 14 पर्यंत पाय वाचवायचा, 17 पासून पुढे काढायचा. मधल्या 15-16 ला आमची झोप उडते. पाय काढायचा ठरला की बाहेर येऊन ते नातेवाइकांना सांगायचं. हिंदीत ते वाक्य मी इतक्यांदा बोललोय की आपोआप येतं. मागच्या वर्षी रामबागेतलं एक कुटुंब होतं, मराठी आहेत हे नावावरूनच कळलं होतं, तरी मी हिंदीतच बोललो. वडील ऐकून घेऊन मराठीत म्हणाले, 'बूट कालच घेतले होते हो त्याने.' मला पुढे एक अक्षर बोलता आलं नाही.

शब्द सुचवा. काय गाळू तेही सांगा.

---

वाचनवेडा : 'बसवणं'च वापरा आणि पहलवानाचाही उल्लेख करा. तो न बघता बसवतो, तुम्ही एक्स-रे बघून बसवता आणि बसवल्यावर पुन्हा बघता. मुलांना फरक एका मिनिटात कळेल. 'सळई' झकास आहे, बदलू नका.

निवृत्त_सिस्टर : मी बडोद्याला अठ्ठावीस वर्षं ओटी सिस्टर होते. भाषण कमी करा, वस्तू न्या. काढलेल्या सळया, प्लेटा असतीलच तुमच्याकडे. उकळून, निर्जंतुक करून न्या आणि रांगेतून फिरवा. शेवटच्या बाकावरचा मुलगासुद्धा हात पुढे करतो. चहाची गोष्ट नक्की सांगा. डॉक्टर स्वतःची चूक सांगताना मी फार कमी वेळा ऐकलंय.

नवाच_आहे : गणपतीत पाय काढण्याच्या गोष्टी? पोरं मोदक खायला येणार आहेत हो.

सेकंड_इयर_ऑर्थो : ग्वाल्हेरहून. सर, मुलींशी मुद्दाम बोला, प्लीज. आमच्या युनिटमध्ये मी एकटी आहे. 'ताकद लागते' हे मला घरातल्या प्रत्येक मामाने सांगितलं. ताण द्यायला ट्रॅक्शन टेबल आहे, भोक पाडायला ड्रिल आहे, टेबल खाली घेता येतं, नाहीतर मी स्टुलावर उभी राहते. त्रास होतो तो एक्स-रेपासून बचावासाठी घालायच्या शिशाच्या एप्रनचा, सगळे पुरुषी मापाचे! आणि रेडिएशनचं कोणीतरी नक्की विचारेल. उत्तर तयार ठेवा : छातीवर बॅज असतो, त्यावर डोस मोजला जातो. गरोदर असल्याचं कळवलं की पुढच्या महिन्यांत बाळापर्यंत 1 मिलिसिव्हर्टपेक्षा (हे रेडिएशनचं माप) जास्त जाऊ द्यायचं नाही, असा एईआरबीचा, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचा, नियम आहे. पैशाचंही खरंच सांगा, मला कोणी सांगितलं नव्हतं.

वाचनवेडा : त्या वाक्याबद्दल. 'कापावा लागेल' नको, त्यात सुरी दिसते. 'पाय ठेवता येणार नाही' म्हणून बघा. माझ्या काकांच्या वेळी डॉक्टर आधी खुर्ची ओढून बसले, मग असंच म्हणाले होते. काकू अजून त्या खुर्चीबद्दल बोलते.

---

धागाकर्ता : सगळ्यांचे आभार. सिस्टर, सळया शोधल्या. तीन मिळाल्या, त्यातली एक वाकलेली आहे. पेशंटने आठव्या आठवड्यात बाईक चालवली होती. तीच आधी फिरवतो. ग्वाल्हेरच्या डॉक्टर, एप्रनचं वाचून गप्प झालो. आमच्याकडेही सगळे एकाच मापाचे आहेत, कधी लक्षातच आलं नाही. उद्या स्टोअरला लिहितो.

नवाच_आहे, तुमचंही पटलं, रामबागेचा भाग गाळतोय. पण 'ठेवता येणार नाही' आज आईला म्हणून दाखवलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, 'आधी त्या मुलाचं नाव घे, मग सांग.' हे मात्र लिहून ठेवलंय, भाषणासाठी नाही.

मंडळाला तारीख बदलून मागितली आहे. त्यांनी अनंत चतुर्दशीची संध्याकाळ धरली होती. झांक्यांच्या, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुकीच्या, रात्री मी इमर्जन्सी सोडून कुठेच जाऊ शकत नाही.

'ठण्'ला आणखी चांगलं काही सुचलं तर रविवारपर्यंत सांगा.