मदत हवी आहे: शिडाच्या बोटीची कील उचलायची वायर गेली, पिन झिजली, आता पिन कशाची करू?

नमस्कार मंडळी, मी ठाण्यात राहतो. मी आणि मेहुण्याने मिळून एक १९ फुटी फायबरची जुनी शिडाची बोट घेतलीय, ती बेलापूरच्या बाजूला पनवेल खाडीत असते, सध्या पावसाळ्यासाठी वर काढून ट्रॉलीवर ठेवलीय. कील (बोट कलंडू नये म्हणून तळाखाली असलेला वजनदार पंखा) फिरती आहे, म्हणजे पुढचं टोक एका आडव्या पिनवर लटकतं आणि मागचं टोक वायरने ओढून बोटीच्या पोटातल्या खाचेत वर घ्यायचं, वायर आतल्या छोट्या हँड विंचवर गुंडाळते. ओतीव लोखंडाची कील, वजन १७० किलोच्या आसपास. आपल्या खाडीत कील वर घेता येणारी बोटच हवी, मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरच्या वर फरक पडतो आणि पाणी उतरलं की सगळा गाळ.

शेवटच्या खेपेला परत येताना मी हँडल मारत होतो, भाची शेजारीच बसलेली, आणि कील एकदम वीतभर खाली घसरली, खालून धाडकन आवाज आणि हँडल उलटं फिरून माझ्या मनगटाजवळून गेलं. पोरीला लागलं असतं तर काय, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

बोट वर काढल्यावर बघितलं तर विंचच्या खटक्याचा दात पार गोल झालाय. ती विंच टाकून ब्रेकवाली घेणार (ज्यांच्याकडे आहे त्यांनी तिच्या ब्रेकच्या चकत्यांना चुकूनही ग्रीस लावू नका, पकड जाते). वायर जिथे कीलच्या आय बोल्टला (कडीच्या बोल्टला) अडकते तिथल्या फेरूलवर (वायरचा फास पक्का करायला दाबून बसवलेल्या नळीवर) पांढरी भुकटी होती, नखाने खरवडली तर पापुद्रा सुटला आणि तिच्या तोंडाशीच चार-पाच तारा तुटून काट्यासारख्या उभ्या. गेल्या वर्षी एका वर्कशॉपमधून वायर बदलून घेतली होती, त्यांनी स्टेनलेसच्या वायरवर ॲल्युमिनियमची फेरूल दाबली. खाऱ्या पाण्यात स्टेनलेसला चिकटलेलं ॲल्युमिनियम खाल्लं जातं, बोटीचं काम घेणाऱ्याला एवढं ठाऊक हवं ना! आता ३१६ ग्रेड स्टेनलेसची ५ मिमी वायर घेतोय, ७×१९ विणीची (सात लडी, प्रत्येकीत १९ बारीक तारा), कारण ती पुलीवरून नीट वळते, १×१९ (एकच लड, १९ तारांची) ताठ असते, ती डोलकाठीच्या ताणाला ठीक. फेरूल तांब्याच्या. नागदेवीला (मुंबईतल्या हार्डवेअर बाजारात) मिळेल सगळं.

अडलंय ते पिनवर. पिन २५ मिमीची, टोकांना व्हर्नियर लावला तर बरोबर २५, पण मधे जिथे कील लटकते तिथे २२.६, बोटाने चाचपलं तरी खळगा लागतो. कीलमधलं भोकसुद्धा लांबट झालंय, एका बाजूने २५.५ आणि दुसऱ्या बाजूने २७.५. रात्री नांगरावर असताना टक टक आवाज यायचा तो हाच. माझ्या मते हे गाळाचं काम, बारीक गाळ भोकात शिरतो आणि प्रत्येक लाटेला पॉलिश पेपरसारखा घासतो.

रबाळ्याचा लेथवाला म्हणतो ईएन८ ची (साध्या कार्बन स्टीलची) पिन करून देतो, उद्या घेऊन जा. ती गंजणार, म्हणून मी नको म्हटलं. मग स्टेनलेस ३१६ की फॉस्फर ब्राँझ? दोन्हींच्या संगतीत लोखंड गंजतं, आणि गंजणार ते नेमकं भोकाच्या कडेला. म्हणून वाटतंय भोक ३२ पर्यंत बोअर करून त्यात डेलरिनचा (एक कडक प्लास्टिक) बुश, म्हणजे पिनभोवतीची नळी, बसवावा, धातूला धातू लागणारच नाही. नायलॉन पाणी पिऊन फुगतं, म्हणून ते नको. पण गाळाच्या पाण्यात डेलरिन टिकतो का, की सरळ गनमेटलचा (ब्राँझच्या जातीचा धातू) बुश बरा? ज्यांनी वापरलाय त्यांनी प्लीज सांगा, आणि पिन-बुशमधे गॅप किती ठेवला तेही.

दुसरं म्हणजे कील खाली काढायची कशी. ट्रॉलीवर बोटीखाली जेमतेम दोन फूट जागा आहे. मदतीला येणारा मुलगा म्हणतो मी खाली झोपून पिन ठोकून काढतो, त्याला मी साफ नाही सांगितलंय, १७० किलो लोखंड तुटक्या वायरवर असताना खाली कुणीही जाणार नाही.

अपडेट: खाली एका दादांनी विचारलंय म्हणून आज परत जाऊन बघितलं. पिनच्या दोन्ही बाजूचे ब्रॅकेट शाबूत आहेत, बोल्ट हलत नाहीत, फायबरला तडा नाही. आणि लाकडी ठोकळे रचून कील त्यावर टेकवायची, मग बोटच क्रेनने वर उचलायची, ही त्यांची आयडिया मला पटली. बेलापूर-उलवे भागात एका दिवसासाठी छोटी हायड्रा क्रेन कोणाकडून मिळेल का, बोटीचे पट्टे असलेली? मेसेज करा प्लीज.