भेदरं (टोमॅटो) पोखरणारी ही अळी कोणती? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. घरामागच्या सांदवाडीत भेदराची आठ-दहा झाडं, वांगी, थोडा सांबार (कोथिंबीर) आणि एक गोडनिंब (कढीपत्ता) आहे. गोडनिंबावरची अळी ओळखता आली. लहानपणी ती पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते, आणि काडीने डिवचलं की डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं काढून वास सोडते. लिंबावरच्या फुलपाखराची ती. चार पानं खाल्ली तर खाऊ द्या, तिला मी हात लावत नाही.

अडचण भेदराची आहे. हिरव्या फळाला गोल भोक, बाजूला ओलसर लेंड्या, पण दिवसा अळी काही दिसेना. काल रात्री नऊला टॉर्च घेऊन गेले तेव्हा एक सापडली: तोंड फळात, मागचं अंग बाहेर. मळकट हिरवी, अंगाच्या दोन्ही बाजूंनी फिकट रेघ, लांबी बोटाच्या दीड पेराएवढी.

कुंपणापलीकडे तूर फुलावर आहे, म्हणून मला घाटेअळीची शंका येते. शेजारच्या काकू म्हणतात, तंबाखूच्या पानावरची. ती तर पानांची चाळण करते ना? इथे पानं बऱ्यापैकी शाबूत आहेत. दोघींतला फरक नेमका कशावरून ओळखायचा?

सासूबाईंनी राख टाकली, फरक नाही. पोखरलेली फळं तोडून टाकते आहे. अळी आत शिरल्यावर 5 टक्के निंबोळी अर्काचा उपयोग होतो का? कपाशीचं औषध मारायचं नाही, भाजी लेकरं खातात.