६ × २ × २ फुटी टाकी: एक मोठा हीटर की दोन लहान?

पाणवेल:
टाकी ६ × २ × २ फूट. कोरा हिशेब ६८० लिटर, पण वाळू, लाकडं आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी साधारण ६०० लिटर. मासे: एंजल, कॉरिडोरास, टेट्रा आणि फूटभर वाढलेला एक प्लेको. दोन कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचे, पाइपने जोडलेले), वर काचेचं झाकण. पाणी २६ डिग्रीवर ठेवायचंय. थंडीत खोली दिवसा २० च्या आसपास असते, पहाटे १५ पर्यंत उतरते. सध्या तात्पुरता ३०० वॅटचा एक हीटर लावलाय.

लिटरला १ वॅट धरलं तर ६०० वॅट होतात. मग ६०० चा एकच टायटॅनियम घ्यावा, ३०० चे दोन, की फिल्टरच्या पाइपवर बसणारा इनलाइन? आणि पाण्याचं तापमान बघून हीटर चालू-बंद करणारा वेगळा कंट्रोलर लागतोच का?

काचघर:
लिटरला १ वॅट हा हिशेब लहान टाक्यांपुरता ठीक आहे. टाकी मोठी होते तसं पाणी जितकं वाढतं तितकी काच आणि वरचा पृष्ठभाग वाढत नाही, आणि उष्णता जाते ती तिथूनच. त्यामुळे मोठ्या टाकीला लिटरमागे बरेच कमी वॅट पुरतात. नेमके किती, ते तुमची टाकीच सांगेल.

पाणी २६-२७ वर स्थिर असताना हीटरचा प्लग काढा. फिल्टर चालू, दिवे बंद, झाकण नेहमीसारखं. ०.१ डिग्री दाखवणारा डिजिटल थर्मामीटर टाकीच्या मध्यावर ठेवा, दुसरा खोलीत. ५-६ तासांनी पुन्हा वाचा. मग लिटर × १.१६ × उतरलेले डिग्री ÷ तास = टाकी गमावते तितके वॅट. त्याला पाणी आणि खोलीतल्या सरासरी फरकाने भागा. येईल तो आकडा म्हणजे दर डिग्री फरकामागे लागणारे वॅट. खरेदी त्यावर करा.

पाणवेल:
मोजलं. ६ तासांत २६.८ वरून २५.४. खोली पूर्ण वेळ २० ला होती.

काचघर:
६०० × १.१६ × १.४ ÷ ६ म्हणजे १६२ वॅट. सरासरी फरक ६.१, म्हणजे दर डिग्रीला साधारण २७ वॅट. पहाटे खोली १५ ला असताना २६ राखायला ११ × २७, म्हणजे ३०० च्या आत काम भागतं. ६०० ची गरजच नाही.

आता बिघाडाचा हिशेब, कारण हीटर निवडताना खरा प्रश्न तोच असतो. हीटरमधल्या थर्मोस्टॅटचे (ठरलेल्या तापमानाला हीटर चालू-बंद करणाऱ्या स्विचचे) पॉइंट प्रत्येक चालू-बंदला ठिणगीने थोडे जळतात आणि एक दिवस चिकटतात. मग हीटर बंदच होत नाही. खोली २० ला असताना:

६०० चा एक चिकटला: ६०० ÷ २७ = २२, पाणी ४२ कडे. सगळं संपलं.
३०० चा एक चिकटला: ११ डिग्री वर, पाणी ३१. एंजल तग धरतील, कॉरिडोरास हाल काढतील.
२०० चा एक चिकटला: साडेसात डिग्री वर, पाणी साडेसत्तावीस. कुणाला पत्ताही लागणार नाही.

उलट २०० च्या दोनांपैकी एक मेला तर पहाटे १५ च्या थंडीतही पाणी २२ च्या खाली जात नाही. म्हणून माझं मत २०० चे दोन.

शेवाळ_आणि_दगड:
हिशेब पटला, पण २०० च्या दोनांत हाताशी जास्तीचे वॅट फार राहत नाहीत, हे लक्षात ठेवा. सगळ्यात थंड वेळी ४०० वजा ३०० म्हणजे १०० वॅट शिल्लक. तेवढ्यात ६०० लिटर एक डिग्री चढायला ७ तास लागतात. तेव्हा पाणी बदलताना नवं पाणी टाकीच्या तापमानाला आणूनच घाला. १५ डिग्रीचं १८० लिटर पाणी घातलंत तर टाकी ३ डिग्रीने खाली येईल आणि दिवसभर वर येणार नाही.

जागेचं म्हणाल तर फूटभर प्लेको आणि उघडा काचेचा हीटर एका टाकीत नकोत. शेपटीचा एक फटका पुरतो. जाळीचं गार्ड घाला किंवा इनलाइन घ्या. इनलाइन नेहमी फिल्टरच्या बाहेर जाणाऱ्या पाइपवर, उभा बसवायचा, पाणी खालून वर जाईल असा. आडवा बसवला तर आत हवेचा फुगा अडकतो आणि कॉइलचा तो भाग कोरडा तापतो. आत येणाऱ्या पाइपवर बसवला तर गाळ त्यातच साचतो आणि सांधा जरा सैल असला की फिल्टर हवा ओढतो. पाइपचा आतला व्यास जुळतोय ना ते घेण्याआधी मोजा, सांध्यांना क्लॅम्प लावा.

एक इनलाइन एका फिल्टरवर आणि दुसरा हीटर गार्डसकट टाकीत, दुसऱ्या फिल्टरच्या धारेसमोर, ही मांडणी तुम्हाला सगळ्यात चांगली. स्पंज तुंबून एका फिल्टरचा प्रवाह मंदावला तरी दुसऱ्याचं काम अडत नाही. टाकीतला हीटर तळापासून तीन-चार बोटं वर, आडवा लावा. उभा लावला तर पाणी उपसताना त्याचं डोकं उघडं पडतं, आणि तापलेल्या काचेवर गार पाणी आलं की ती तडकते. पाणी उपसण्याआधी २० मिनिटं दोन्ही प्लग काढून ठेवायचे, यात सूट नाही.

काचघर:
गार्ड आणि उभ्या इनलाइनबद्दल पूर्ण सहमत.

कंट्रोलर हवाच. हीटरवरचे आकडे एक-दोन डिग्री इकडेतिकडे असतात, आणि दोन हीटर वेगवेगळे चुकत असतील तर एकच राबत राहतो. कंट्रोलर २६ वर, दोन्ही हीटर २७.५ वर. रोजची चालू-बंद कंट्रोलर करेल. त्याचा रिले (वीज जोडणारा-तोडणारा आतला स्विच) चिकटला तर हीटरचे स्वतःचे थर्मोस्टॅट २७.५ ला थांबवतील.

फरकाची सेटिंग, म्हणजे पाणी किती उतरलं की हीटर पुन्हा चालू करायचा, ती ०.५ ठेवा. ०.१ ठेवली की रिले दिवसभर टकटक करतो आणि लवकर मरतो. रिलेची क्षमता एकूण वॅटच्या दुप्पट तरी घ्या.

सगळ्यात जास्त घोटाळा प्रोबमुळे, म्हणजे कंट्रोलरच्या तापमान मोजणाऱ्या, पाण्यात बुडवायच्या टोकामुळे होतो. सक्शन कप वर्षभरात कडक होतो, प्रोब पाण्याबाहेर लोंबतो, खोलीतली १५ डिग्री वाचतो आणि कंट्रोलर हीटर चालूच ठेवतो. प्रोब काठाला क्लिपने पक्का करा, हीटरपासून लांबच्या टोकाला, अर्ध्या उंचीवर.

पाणवेल:
झाकणात खाऊ घालायला चार इंचांची फट आहे. तिने फरक पडतो का?

शेवाळ_आणि_दगड:
बराच. दिवसाला १ लिटर पाणी उडालं की त्यामागे सतत २८ वॅट जातात. फटीवर सरकती पट्टी बसवा, पण फिल्टरची धार पृष्ठभाग हलवत राहील असं पाहा, म्हणजे प्राणवायूची चणचण होणार नाही. मागच्या आणि बाजूच्या काचांना बाहेरून इंचभर जाड थर्माकोल लावा. हे सगळं झालं की पुन्हा एकदा मोजून बघा, २७ चा आकडा खाली आलेला दिसेल.

आणि वायर टाकीतून थेट बोर्डाकडे ताणू नका. बोर्डाच्या खाली तिला लोंबता झोल द्या, म्हणजे ओघळणारं पाणी तिथेच ठिबकेल. लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आणि चालू अर्थिंग आधी, हीटर मग. उन्हाळ्यात खोलीच २८ ला गेली की प्लग काढून ठेवा. तेव्हा २०० चा चिकटला तर पाणी पस्तिशीला जाईल.